बदकाच्या स्नायूंचं मॉडेल: खांदा पक्का, पाय कच्चे

प्राणिशास्त्र विभागासाठी मॉडेलं मागवायची यादी निघाली की तिच्यात बेडूक असतो, कबूतर असतं, फार तर कोंबडी. पूर्ण रानबदक, तेही स्नायू सुटे करून दाखवणारं, क्वचितच कुणी मागवतं. मराठवाड्यात खरं तर ते आधी यायला हवं. पैठणला नाथसागर आहे, छत्रपती संभाजीनगरात सलीम अली सरोवर आहे, नांदेडला विष्णुपुरी, हिंगोली-परभणीकडे येलदरी आणि सिद्धेश्वर. हिवाळ्यात पाण्यावरचं बदक दाखवायचं आणि तेच बदक आतून कसं चालतं ते टेबलावर उलगडायचं, अशी सोय सगळीकडे नसते.

मॉडेल पीव्हीसीचं आहे. लांबी ५५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ खऱ्या बदकाएवढी. लाकडी पाटावर उभं, सुटे होणारे भाग १६. डाव्या बाजूला पिसं आणि कातडी, उजव्या बाजूला कातडी काढल्यावर दिसणारे स्नायू. उजवा पंख खांद्यात फिरतो. काही भाग लोहचुंबकाने बसतात, काही प्लास्टिकच्या खुंट्यांनी. सोबत चार पानी माहितीपत्रक येतं. किंमत साडेआठ हजारांच्या आसपास, वर जीएसटी आणि पार्सलचं भाडं. हेच मॉडेल ३० सेंटिमीटरच्या छोट्या आकारातही मिळतं. ते घेऊ नका. त्यात छातीचे दोन्ही थर एकाच तुकड्यात ओतलेले आहेत, म्हणजे जे पाहायचं तेच त्यात नाही.

इतकं बारकाईने तपासायचं कारण साधं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन बंद केलं, ते योग्यच झालं. रानबदकाला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे कापणं सोडाच, पकडताही येत नाही. त्यामुळे बीएस्सीच्या मुलाला बदकाचा स्नायू म्हणून जे दिसतं ते फक्त मॉडेलमध्ये. मॉडेल चुकलं तर ती चूक त्याच्या डोक्यात कायमची बसते, कारण पुढे खरा स्नायू बघून ती दुरुस्त करायची वेळ येणारच नसते.

डोकं हिरवं रंगवलंय, म्हणजे मॉडेल मॅलार्डचं. हे बदक आपल्याकडे तुरळक दिसतं. पण आपलं बारमाही हळदीकुंकू बदक त्याच कुळातलं, त्याच अंगकाठीचं आहे. चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके रंगवले तर शिकवण्यापुरतं काम भागतं. स्नायूंच्या मांडणीत त्याने काही बिघडत नाही.

छातीपासून सुरुवात करू, कारण मॉडेलचे पैसे तिथेच वसूल होतात.

वरचा मोठा तुकडा चुंबकाने बसतो. तो पेक्टोरॅलिस. छातीच्या हाडाला खाली नांगराच्या फाळासारखी उभी पात असते, तिला कील म्हणतात. तिच्या कडेपासून आणि पुढच्या व्ही आकाराच्या हाडापासून, फरक्युलापासून, या स्नायूचे तंतू निघतात, पंख्याच्या काड्यांसारखे एकत्र येत दंडाच्या हाडाला, ह्युमरसला, खालच्या अंगाने चिकटतात. हा आखडला की पंख खाली आपटतो. मॉडेलमध्ये तंतूंची दिशा कोरून दाखवलीय आणि ती बरोबर आहे. तुकड्याची जाडीही बरोबर आहे, कीलची सगळी खोली त्याने भरलीय. बऱ्याच तक्त्यांवर हा स्नायू पोळीसारखा पातळ काढतात, तसं इथे झालेलं नाही. उडणाऱ्या रानबदकाच्या वजनातला साधारण पाचवा हिस्सा छातीच्या या स्नायूंचा असतो. सव्वा किलोचं हळदीकुंकू बदक धरलं तर पाव किलो फक्त पंख हलवणारं मांस. मॉडेल हातात घेतल्यावर हे प्रमाण डोळ्यांना पटतं.

रंग मात्र सपशेल चुकलाय. फिक्कट गुलाबी दिलाय. तो ब्रॉयलर कोंबडीच्या छातीचा रंग. रानबदकाची छाती गर्द तांबडी, जवळजवळ काळपट असते, आणि हा फरक नुसता दिसण्यापुरता नाही. कोंबडी दिवसभर पायांवर असते, पंख फक्त कुत्रं मागे लागलं तर भिंतीवर उडी मारायला वापरते. म्हणून तिची छाती पांढरी आणि तंगडी गडद. पांढरा तंतू जोरात आखडतो पण लगेच दमतो. तांबड्या तंतूत मायोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू धरून ठेवणारं तांबडं प्रथिन असतं, ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया दाट असतात, केशवाहिन्यांचं जाळं असतं. तो प्राणवायू आणि चरबी जाळत तासन्‌तास चालतो. बदकाचं शरीर जड आणि पंख त्यामानाने लहान, त्यामुळे घारीसारखं तरंगत राहणं त्याला जमत नाही. हवेत आहे तोवर पंख मारत राहावंच लागतं, मॅलार्डच्या अंगकाठीच्या बदकाला सेकंदाला आठ-दहा वेळा. हिवाळ्यात हिमालयापलीकडून नाथसागरावर उतरणारं तलवार बदक हे काम तासच्या तास करत आलेलं असतं. पांढऱ्या छातीने ते झालं नसतं. पांढरे तंतू त्याच्या छातीतही थोडे असतात, ते पाण्यावरून एकदम उसळी मारायच्या क्षणाला कामी येतात.

म्हणून रंग बदलून घ्या. तुकडा साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडा करा, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. मग ॲक्रिलिक रंग, गर्द लालमध्ये थोडा तपकिरी मिसळून, पातळ दोन हात. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. ऑइल पेंट वापरू नका. मऊ पीव्हीसीवर तो महिनोन्‌महिने चिकट राहतो, त्यावर धूळ बसते आणि चुंबकाच्या तोंडाशी थर साचून तुकडा नीट बसेनासा होतो. चुंबकाच्या बिंदूंवर रंगवण्याआधी चिकटपट्टी लावून ठेवायची.

पेक्टोरॅलिस उचलला की खाली दुसरा, लांबट, निमुळता स्नायू दिसतो. सुप्राकोराकॉइडियस. आकाराने वरच्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. काम उलटं, पंख वर उचलायचं. विद्यार्थी इथेच अडखळतो. स्नायू पंखाच्या खाली आहे, ओढला तर खालीच ओढणार; मग पंख वर कसा जाईल?

मोट पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बैल धावेवरून खाली उतरतात आणि मोट विहिरीतून वर येते, कारण नाडा वर चाकावरून गेलेला असतो. बदकाच्या खांद्यात तेच आहे. कोराकॉइड, स्कॅप्युला आणि फरक्युला ही तीन हाडं जिथे भेटतात तिथे एक भोक राहतं, ट्रायऑसियल नाला. सुप्राकोराकॉइडियसची दोरी, म्हणजे कंडरा, छातीवरून वर जाते, या भोकातून पलीकडे निघते आणि ह्युमरसला वरच्या अंगाने चिकटते. स्नायू खाली आखडतो, दोरी चाकावरून फिरते, पंख वर उचलला जातो आणि उचलताना थोडा वळतोही, म्हणजे त्याची पुढची कड वर येते. कबुतरांवरच्या जुन्या प्रयोगांत ही दोरी कापल्यावर पक्षी हवेत पंख मारू शकला, पण सपाट जमिनीवरून स्वतःहून उठू शकला नाही. पाण्यावरून सरळ वर उसळणाऱ्या बदकाला या दोरीचं मोल किती, ते यावरून कळावं.

आणि दोन्ही स्नायू खाली का? उचलणारा स्नायू पाठीवर ठेवला असता तर वजन वर गेलं असतं. सगळं जड मांस पंखांच्या पातळीखाली राहिलं की पक्षी हवेत डोलत नाही आणि पाण्यावर कलंडत नाही. तळाला माल भरलेल्या होडीचं तेच तंत्र. उडण्यासाठी केलेली मांडणी पोहण्यालाही अशी उपयोगी पडते. हे वाक्य माहितीपत्रकात असायला हवं होतं, पण नाही.

मॉडेलमध्ये दोन्ही थर वेगळे आहेत, तिन्ही हाडं जागेवर आहेत, भोकाची जागाही खळगी पाडून दाखवलीय. पण भोक आरपार नाही आणि दोरी नाही. नुसती पांढऱ्या रंगाची रेघ ओढलीय आणि ती खळगीपाशी संपते. म्हणजे चाक आहे, नाडा नाही. ही कमी घरच्या घरी, अर्ध्या तासात भरून निघते.

लागणारं साहित्य: जाड नायलॉनचा तीस सेंटिमीटर लांब दोरा, सरबताच्या नळीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा, एम-सील, नळी घट्ट बसेल इतक्या जाडीचं, हाताने फिरवायचं ड्रिल. पेक्टोरॅलिसचा तुकडा काढून बाजूला ठेवा. खळगीत खालून वर आणि किंचित मागे, असं तिरपं भोक पाडा. नळीचा तुकडा भोकात बसवा, बाहेर आलेली कड कापून टाका. नळी नसेल तर दोरा पीव्हीसीच्या कडेवर घासून महिनाभरात तुटतो. दोऱ्याचं एक टोक सुप्राकोराकॉइडियसच्या निमुळत्या टोकाशी बारीक खाच करून एम-सीलने पक्कं करा, दुसरं टोक नळीतून वर काढा आणि ह्युमरसच्या वरच्या पृष्ठभागावर, सांध्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर चिकटवा. एम-सील रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी सुप्राकोराकॉइडियसचा तुकडा त्याच्या खुंटीवरून सोडवून शेपटीकडे सरकवा, पंख वर येतो.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. भोक तिरपं न पाडता सरळ पुढे पाडलं तर पंख वर न जाता पुढे ओढला जातो. दोरा सांध्याच्या फार जवळ चिकटवला तर पंख झटकन फिरतो, पण जोर इतका लागतो की एम-सील उखडतं. फार लांब, तीन-चार सेंटिमीटरवर चिकटवला तर दोरा ओढून ओढून पंख इंचभरही हलत नाही. तिसरी चूक सगळ्यांत जास्त होते. दोऱ्याचं टोक चुकून ह्युमरसच्या खालच्या अंगाला लागतं. मग पंख खालीच जातो आणि विद्यार्थ्याला वाटतं पुस्तकच खोटं. शिकवताना एकदा मुद्दाम ते टोक खालून धरून दाखवा, कंडरा वरच्या बाजूला चिकटण्याचं कारण तेवढ्यात लक्षात येतं.

खरा सुप्राकोराकॉइडियस हाताने चाचपायचा असेल तर चिकनच्या दुकानात जा. छातीचा बोनलेस तुकडा घेतला की त्याच्या आतल्या बाजूने एक वेगळी निमुळती पट्टी सुटते, टोकाला पांढरी चिवट दोरी असते. स्वयंपाक करणारे ती दोरी ओढून काढून टाकतात, कारण ती शिजत नाही. तीच ही. छाती हाडासकट, न कापता आणली तर दोरी खांद्यातल्या भोकापर्यंत बोटाने सापडते, आणि खालून पट्टी ओढली की मेलेल्या कोंबडीचा पंख वर उचलला जातो. मॉडेलशेजारी हे एकदा ठेवून बघाच.

पंखाच्या बाकीच्या भागाबद्दल थोडक्यात. दंडाचे बायसेप्स आणि ट्रायसेप्स नुसते रंगवलेले आहेत, सुटत नाहीत. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेने जी कातडीची घडी ताणलेली असते, तिला ताण देणाऱ्या स्नायूची बारीक कंडरा पूर्ण गाळलीय. शिक्षकाने ती खडूने दाखवावी. ती ढिली पडली तर पंखाची पुढची धार राहत नाही आणि हवा वरून नीट वाहत नाही. शेपटीचे स्नायू ठीक आहेत, मानेचे कामचलाऊ.

आता पाय. इथे निर्मात्याने बदकाला कोंबडीचे पाय लावलेत. सरळ सांगायचं तर साचा दुसऱ्या मॉडेलचा वापरलाय.

पहिली चूक मांडीची. मॉडेलमध्ये मांडी शरीरापासून सुटी, खाली लोंबती दाखवलीय. बदकाची मांडी आखूड असते, जवळजवळ आडवी असते आणि कातडीच्या आत, अंगाला चिकटलेली असते. गुडघा पिसांखाली झाकलेला असतो, तो बाहेरून दिसतच नाही. पाणवठ्यावर उभ्या बदकाचा जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो घोटा. माहितीपत्रकात नेमकं त्याच घोट्यावर गुडघ्याचा आकडा टाकलाय. आधी हा आकडा खोडा. नाहीतर दर वर्षी साठ-सत्तर मुलं पक्ष्याचा गुडघा उलटा वाकतो असं शिकून बाहेर पडतील.

दुसरी चूक मांसाची. पोटरीच्या खालच्या भागावर, घोट्यापासून बोटांपर्यंत, जाड तांबडे स्नायू रंगवलेत. खऱ्या बदकात तिथे मांस जवळपास नसतं. कंडरा असतात, हाड असतं, कातडी असते. सगळं वजनदार मांस वर, मांडी आणि पोटरीत, शरीराला लागून. कारण पाय हा लंबकासारखा पुढेमागे हलायचा आहे. लंबकाचं टोक जड केलं की तो हलवायला आणि थांबवायला दर वेळी जास्त ताकद जाते. शिवाय गार पाण्यात बुडालेल्या भागात मांस कमी असलं की उष्णताही कमी जाते. त्या भागावरचा तांबडा रंग थिनरने न पुसता वरून फिकट राखाडी ॲक्रिलिकने झाका. थिनर पीव्हीसी खातो.

मग पोहण्याचं इंजिन कुठे आहे? पोटरीत, मागच्या बाजूला, गॅस्ट्रोक्नेमियस. पक्ष्यांत त्याची तीन डोकी असतात, मॉडेलमध्ये दोनच आहेत. तिन्हींची मिळून एक कंडरा घोट्याच्या मागून जाते. हा आखडला की घोटा सरळ होतो आणि पाऊल मागे रेटलं जातं. पाण्यात पुढे ढकलणारा मुख्य जोर हाच. मांडीच्या मागचा इलिओफिब्युलॅरिस गुडघा वाकवून त्याला साथ देतो, आणि याचीही कंडरा गुडघ्यामागे एका बारीक फासातून जाते. खांद्यात एक चाक, गुडघ्यात दुसरं. हा फास मॉडेलमध्ये नाही. पोटरीच्या पुढच्या बाजूला टिबियालिस क्रेनियालिस, तो परतीच्या वेळी पाऊल पुढे उचलतो. तो मागच्यापेक्षा बराच लहान हवा, कारण त्याला पाणी ढकलायचं नसतं, मिटलेलं पाऊल नुसतं पुढे आणायचं असतं. मॉडेलमध्ये दोन्ही सारख्याच आकाराचे आहेत आणि ही चूक रंगाने झाकता येत नाही. शिकवताना तोंडानेच सांगावं लागतं.

तिसरी चूक बोटांची, आणि ती दुकानातच तपासता येते. मॉडेलच्या काही प्रतींत कातडीचा पडदा चारही बोटांना जोडलेला आहे. चारही बोटं जोडलेलं पाऊल पाणकावळ्याचं. बदकाचा पडदा पुढच्या तीन बोटांतच असतो, मागचं बोट लहान, उंचावर आणि सुटं. अशी प्रत हातात आली तर तिथेच बदलून मागा. दुसरी प्रत नसेल तर मागच्या बोटाचा पडदा कटरने कापता येतो, पण कडा मेणबत्तीने भाजू नका, पीव्हीसीचा धूर घातक असतो. पॉलिश पेपरने घासून घ्या.

पडदा कसा काम करतो हे ताठ मॉडेल दाखवूच शकत नाही, म्हणून सोबत बादलीभर पाणी लागतं. आइस्क्रीमच्या तीन काड्या एका टोकाला सैलसर बांधा, मध्ये पॉलिथिनचा तुकडा दोन्हीकडून चिकटवा. काड्या फाकवून पाण्यात मागे ओढा, हाताला जोर लागतो. मिटवून पुढे न्या, जवळजवळ काहीच लागत नाही. बदक दर फटक्याला हेच करतं. मागे रेटताना बोटं फाकलेली, पुढे आणताना मिटलेली. पॉलिथिन फार ताणून चिकटवलं तर काड्या मिटत नाहीत, थोडी झोळ ठेवा.

या मॉडेलवरची सगळ्यांत मोठी तक्रार चुकीच्या माहितीची नाही, गाळलेल्या माहितीची आहे. पत्रकावर नुसतं बदक असं लिहिलंय. पण सगळ्या बदकांचं अंग एकसारखं नसतं. मॅलार्ड, हळदीकुंकू, तलवार बदक, थापट्या, चक्रांग ही वरवर चरणारी बदकं. डोकं पाण्यात, शेपूट वर, असं उपडं होऊन ती खातात. त्यांचे पाय शरीराच्या मध्याच्या जवळ, पंख मोठे, जमिनीवर चालणं बरं. लालसरी आणि शेंडीबदक ही बुडी मारणारी. त्यांचे पाय आणखी मागे सरकलेले असतात, होडीचं वल्हं मागच्या टोकाला बसवावं तसे, आणि मागच्या बोटालाही रुंद कातडीची पाळी असते. पाण्यावर तरंगताना बदक पाय आळीपाळीने मारतं. बुडी मारल्यावर लालसरी दोन्ही पाय एकदम मारते, पंख अंगाशी मिटून. याची किंमत तिला जमिनीवर आणि उडताना मोजावी लागते. चालताना ती डुलते, आणि अंगाच्या मानाने पंख लहान असल्याने पाण्यावरून सरळ उठू शकत नाही.

हे तपासायला नाथसागरासारखी जागा नाही. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचं हे उथळ, पसरट पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पैठणजवळच्या काठावर दुर्बीण लावून बसावं. आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे. दहा पटीला हात हलतो. घार खाली आली की बघा. तलवार बदकं पंखांनी पाणी थापटून जागच्या जागी वर उसळतात. लालसऱ्या पाण्यावरून धावत सुटतात, पाय एकामागून एक आपटत, मागे पाण्याच्या थेंबांची रांग सोडत, आणि बऱ्याच अंतराने वर उठतात. त्या धावण्यात गॅस्ट्रोक्नेमियस आणि पेक्टोरॅलिस एकाच वेळी काम करताना दिसतात. मॉडेल आधी पाहून गेलेल्या मुलाला ते दिसतं. न पाहिलेल्याला नुसता गलका दिसतो. काठावर मोबाइलवर गाणी लावून किंवा थव्याकडे चालत जाऊन त्यांना उडवू नका. प्रत्येक उसळीत त्यांची प्रवासासाठी साठवलेली चरबी जळते.

पत्रकात नसलेली आणखी एक गोष्ट वर्गात जरूर सांगावी. हे स्नायू वर्षभर एका आकाराचे राहत नाहीत. विणीनंतर बदकं उडायची सगळी पिसं एकदम गाळतात आणि तीन-चार आठवडे उडू शकत नाहीत. त्या काळात छातीचे स्नायू आटतात आणि पायांचे वाढतात, कारण पळ काढायला पायच उरतात. नवी पिसं आली की छाती पुन्हा भरते. हिवाळी पाहुणे हे बहुतेक उत्तरेतच उरकून येतात. इथेच वीण करणारं हळदीकुंकू बदक ते आपल्याच पाण्यावर करतं आणि त्या दिवसांत गवतात लपून राहतं.

गुण द्यायचे तर छाती आणि खांद्याला पाचपैकी चार, दोरी बसवल्यावर पूर्ण पाच. पायांना दीड. माहितीपत्रकाला एक, तेही आकृत्यांसाठी. मजकूर यंत्राने भाषांतर केल्यासारखा आहे, तो बाजूला ठेवून मराठीत स्वतःचे आकडे आणि नावं लिहा. ज्यांच्याकडे कबुतराचा चांगला सांगाडा आणि स्नायूंचा तक्ता आहे, त्यांना फक्त खांद्यासाठी एवढे पैसे घालायची गरज नाही. ज्यांच्याकडे काहीच नाही आणि तलाव तासाभराच्या अंतरावर आहे, त्यांनी घ्यावं.

पार्सल उघडताना भाग मोजून घ्या. खुंट्या बारीक असतात, थर्माकोलच्या गोळ्यांत हरवतात; दुकानदाराकडून चार जादा खुंट्या आधीच मागून ठेवा, नंतर सुट्या मिळत नाहीत. मांडीची खुंटी सगळ्यांत आधी तुटते, कारण विद्यार्थी मॉडेल पायाला धरून उचलतात. पाटाला धरून उचलायची सवय लावा. आणि एप्रिल-मेमध्ये, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या दिवसांत, पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत हे उघड्यावर ठेवू नका. पीव्हीसी मऊ पडतं, मान आधी झुकते, मग पंखाचा सांधा सैल होतो. भिंतीतल्या कपाटात, खालच्या फळीवर, मानेखाली कापडाची गुंडाळी देऊन, आणि खांद्यातला दोरा सैल सोडून ठेवायचं. ताणलेला ठेवला तर जूनमध्ये पंख वरच अडकलेला सापडतो.